डेटाबेस टीबीत गेला की इन्क्रिमेंटल बॅकअप कसा ठरवायचा

डेटाबेस पन्नास-साठ जीबीचा असतो तोवर बॅकअपचा फार विचार करावा लागत नाही, रात्री दोनला पीजी-डंप (सगळा डेटा एका फाइलमध्ये उतरवणारं टूल) लावायचा, सकाळी फाइल आली का बघायची, झालं. तोच डेटाबेस चार टीबीचा (टेराबाइट, साधारण हजार जीबीचा एक) झाला की डंप सकाळी अकरापर्यंत चालतो, ऑफिस सुरू होतं, सगळ्या क्वेरी स्लो होतात, आणि मग कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणतं की आता इन्क्रिमेंटल लावूया. इथपर्यंत सगळे बरोबर येतात. गडबड पुढे होते, कारण इन्क्रिमेंटल म्हणजे "रोज थोडंच कॉपी करायचं" एवढंच डोक्यात असतं, आणि ते थोडं-थोडं पुन्हा एकत्र कसं जोडायचं, त्याला किती वेळ लागेल, मधला एक तुकडा हरवला तर काय, हे कोणी विचारत नाही.

मी आधी ज्या टीममध्ये होतो तिथे नेमकं हेच झालं. तीन महिन्यांतून एकदा फुल (सगळ्या डेटाबेसचा बॅकअप) आणि रोज रात्री इन्क्रिमेंटल, असं ठरलं होतं आणि रोज सकाळी सगळं हिरवं दिसायचं. मधे खर्च कमी करायच्या मोहिमेत कोणीतरी स्टोरेज बकेटवर (क्लाउडवर फाइल्स ठेवायची जागा) नियम लावला की ३० दिवसांपेक्षा जुन्या फाइल्स आपोआप उडव. त्या नियमाने आमचा फुल बॅकअप उडवला. रोजचा इन्क्रिमेंटल तरीही व्यवस्थित होत राहिला कारण त्याला मागच्या बॅकअपची यादी पुरते, यादीतल्या जुन्या फाइल्स खरंच जागेवर आहेत का हे तो उघडून बघत नाही. एका अपग्रेड स्क्रिप्टने टेबल खराब केलं तेव्हा कळलं की आपल्याकडे तीसेक इन्क्रिमेंटल आहेत आणि ज्याच्यावर ते उभे आहेत ते काहीच नाही. टेस्टिंगसाठी केलेली तीन आठवडे जुनी कॉपी आणि ॲप्लिकेशनचे लॉग यांच्यावरून चार दिवस बसून डेटा उभा केला, सगळा आला नाहीच. म्हणून मी आता उलट बाजूने सुरू करतो, आधी रिस्टोर (बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करणं) ठरवायचा आणि त्यावरून बॅकअप. खाली सगळं पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून लिहितोय कारण माझं रोजचं काम त्यावर आहे, पण मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठीही जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

पायरी १: किती डेटा गेला तर चालेल आणि किती वेळ बंद राहिलं तर चालेल

हे दोन आकडे धंद्याच्या माणसाकडून घ्यायचे, स्वतः ठरवायचे नाहीत. पहिला प्रश्न: शेवटच्या किती मिनिटांच्या एंट्र्या गेल्या तर तुम्ही हाताने परत भरू शकता? दुसरा: सिस्टीम किती तास बंद राहिली तर चालेल? "अजिबात नाही" हे उत्तर पहिल्यांदा येतंच, तेव्हा खर्च समोर ठेवायचा आणि पुन्हा विचारायचं.

आता साधं गणित. चार टीबीचा डेटाबेस, बॅकअप सर्व्हर ते डेटाबेस सर्व्हर एक गिगाबिटची लाइन. ती कागदावर सेकंदाला १२५ एमबी देते, प्रत्यक्षात ११० मिळाले तरी खूप. चार टीबीला त्या वेगाने साधारण १० तास लागतात. म्हणजे समोरच्याने "दोन तासांत चालू हवं" म्हटलं असेल तर तुम्ही फुल-डिफरन्शियल-इन्क्रिमेंटल (अर्थ पायरी ३ मध्ये) कसंही फिरवा, ते होणार नाही, तिथे लाइन बदलावी लागेल, कॉम्प्रेशन लावावं लागेल किंवा तयार स्टँडबाय (तेच बदल सतत घेत राहणारा दुसरा सर्व्हर) ठेवावा लागेल. हे गणित न करता वेळापत्रक बनवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण पाच मिनिटांचं काम आहे.

आणि हो, स्टँडबाय हा बॅकअप नाही. मशीन जळालं तर स्टँडबाय वाचवतो, पण कोणी वेअर (कुठल्या ओळी ते सांगणारी अट) न लावता डिलीट मारला तर तो डिलीट क्षणात स्टँडबायवरही पोचतो.

पायरी २: रोज खरंच किती बदलतं ते मोजा

इथे बहुतेक लोक अंदाज सांगतात, "दोन-तीन टक्के बदलत असेल". अंदाज नको. पोस्टग्रेसमध्ये वॉल (प्रत्येक बदलाची क्रमाने होणारी नोंदवही) किती तयार होतो ते बघायला सध्याची वॉल पोझिशन सकाळी एकदा टिपायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत टिपायची आणि दोन्हीमधला फरक काढायचा, त्यासाठी तयार फंक्शन आहे. असं आठवडाभर करा, आणि महिनाअखेरीचा दिवस त्यात आला पाहिजे, कारण बिलिंगच्या रात्रीचा वॉल एरवीच्या चौपट असू शकतो.

पण वॉलचा आकार म्हणजे इन्क्रिमेंटलचा आकार नाही, हे नीट समजून घ्या कारण पुढचा सगळा निर्णय यावर आहे. एकच पेज (फाइलमधला डेटाचा छोटा ठोकळा) दिवसात हजार वेळा बदललं तर वॉलमध्ये त्या हजारही नोंदी येतात, इन्क्रिमेंटलमध्ये मात्र ते पेज एकदाच येतं. म्हणून दिवसाला ३०० जीबी वॉल असलेल्या डेटाबेसचा इन्क्रिमेंटल १०० जीबीचाही निघू शकतो. इन्क्रिमेंटलचा खरा फायदाही हाच आहे, रिस्टोरच्या वेळी आठवडाभराचा वॉल एकेक नोंद करून परत चालवत बसावं लागत नाही, आणि पोस्टग्रेसमध्ये वॉल परत चालवायचं काम मुख्यतः एकच प्रोसेस करते, त्यामुळे मशीनला ६४ कोअर असले तरी तिथे त्यांचा फार उपयोग नाही.

उलट बाजूही आहे. पोस्टग्रेस मोठं टेबल एक-एक जीबीच्या फाइल्समध्ये ठेवतो आणि प्रत्येक फाइलमध्ये ८ केबीची पेजेस असतात, म्हणजे एका फाइलमध्ये १ लाख ३१ हजार ७२ पेजेस. तुमचं टूल फाइलच्या पातळीवर बदल बघत असेल तर एक पेज बदललं तरी अख्खा जीबी कॉपी होतो. चार टीबी म्हणजे अशा साधारण चार हजार फाइल्स, आणि अपडेट सगळीकडे विखुरलेले असतील तर दिवसभरात प्रत्येक फाइलला कुठे ना कुठे हात लागतोच. मग तुमचा इन्क्रिमेंटल हा नावापुरता इन्क्रिमेंटल, आकाराने जवळजवळ फुल.

विखुरलेले अपडेट कुठून येतात? प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख) म्हणून रँडम यूयूआयडी (क्रम नसलेला लांब ओळख क्रमांक) असेल तर इंडेक्समध्ये प्रत्येक नवी रो, म्हणजे ओळ, वेगळ्याच पेजवर जाते. व्हॅक्युम फ्रीझ (पोस्टग्रेसची जुन्या ओळींची देखभाल) जुन्या टेबलांवर फिरला की वर्षानुवर्षं न हललेली पेजेस त्या रात्री बदललेली दिसतात. रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं) किंवा व्हॅक्युम फुल (टेबल नव्याने लिहिणं) केला तर अख्खी फाइलच नवी बनते. त्यामुळे एखाद्या रात्री इन्क्रिमेंटल अचानक दहापट फुगला तर आधी घाबरू नका, त्या रात्री मेंटेनन्सचं काय चाललं होतं ते बघा. आणि मेंटेनन्सचं वेळापत्रक तुमच्या हातात असेल तर रीइंडेक्स फुल बॅकअपच्या आदल्या दिवशी ठेवा, म्हणजे तो फुगवटा फुलमध्येच जिरतो.

नवीन सिस्टीम बनवत असाल तर दोन गोष्टी आत्ताच करा. तारखेवर पार्टिशन पाडा (टेबलचे महिनावार भाग करा), म्हणजे मागच्या महिन्यांच्या फाइल्सना कोणी हात लावत नाही. आणि यूयूआयडी हवाच असेल तर वेळेच्या क्रमाने वाढणारा सातव्या आवृत्तीचा घ्या, पोस्टग्रेस १८ मध्ये त्याचं फंक्शन आतच आलंय. बॅकअपचा आकार बराचसा टेबलच्या डिझाइनमध्ये ठरतो हे डेव्हलपर लोकांना कोणी सांगत नाही.

पायरी ३: शब्दांचा घोळ आधी मिटवा

फुल म्हणजे सगळं. डिफरन्शियल म्हणजे शेवटच्या फुलपासून जे बदललं ते. इन्क्रिमेंटल म्हणजे शेवटच्या कुठल्याही बॅकअपपासून जे बदललं ते. पीजीबॅकरेस्टमध्ये (पोस्टग्रेससाठीचं बॅकअप टूल) हाच अर्थ आहे, एसक्यूएल सर्व्हरचा डिफरन्शियलही शेवटच्या फुलपासूनच मोजतो.

पण ओरॅकलच्या आरमॅन या बॅकअप टूलमध्ये गोची आहे. तिथे लेव्हल शून्य म्हणजे पाया, आणि लेव्हल एकचे दोन प्रकार, डिफरन्शियल आणि क्युम्युलेटिव्ह. तिथला डिफरन्शियल हा शेवटच्या लेव्हल एक किंवा शून्यपासून मोजतो, म्हणजे बाकीचे ज्याला इन्क्रिमेंटल म्हणतात तो, आणि काही सांगितलं नाही तर आरमॅन तोच घेतो. बाकीच्यांचा डिफरन्शियल म्हणजे ओरॅकलचा क्युम्युलेटिव्ह. ओरॅकलवाला आणि एसक्यूएल सर्व्हरवाला एका टेबलावर बसून "रोज डिफरन्शियल घेऊ" यावर एकमत करतात आणि दोघांच्या मनात वेगळी गोष्ट असते. म्हणून कागदावर नाव लिहू नका, "कशापासून बदललेलं" ते लिहा.

पायरी ४: टूल बघताना दोनच प्रश्न

पहिला, बदल कशावरून ओळखतो, फाइलवरून की पेजवरून. दुसरा, बदललेलं शोधायला सगळा डेटा वाचतो का. दुसरा प्रश्न लोक विसरतात. बॅकअप लहान झाला म्हणजे डिस्कवरचा भार कमी झाला असं नाही.

पोस्टग्रेसमध्ये २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून इन्क्रिमेंटल आतच मिळतो. समराइझ-वॉल ही सेटिंग चालू केली की सर्व्हर वॉल वाचून कुठली पेजेस बदलली याच्या छोट्या नोंदी ठेवत जातो, मग पीजी-बेसबॅकअप या टूलला मागच्या बॅकअपचं मॅनिफेस्ट (फाइल्सची यादी) दिलं की तो तेवढीच पेजेस उचलतो. रिस्टोरच्या वेळी पीजी-कम्बाइनबॅकअपला फुल आणि नंतरचे सगळे इन्क्रिमेंटल जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमाने द्यायचे, तो त्यातून एक अख्खा बॅकअप बनवतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्या नोंदी डीफॉल्टने १० दिवस राहतात, त्यामुळे मागचा बॅकअप त्याहून जुना असेल तर इन्क्रिमेंटल होणारच नाही, फुलच घ्यावा लागेल. आणि जोडून तयार होणारा बॅकअप पूर्ण चार टीबीचा असतो, त्याला जागा लागते, म्हणून तो सरळ जिथे डेटाबेस चालवायचाय त्या डिस्कवरच बनवा, दुसरीकडे बनवून मग कॉपी केलात तर दुप्पट वेळ जाईल.

पीजीबॅकरेस्ट एरवी फाइलच्या पातळीवर चालतो, पण २०२३ पासून त्यात ब्लॉक इन्क्रिमेंटलचा पर्याय आहे, तो बंडलिंगबरोबर (छोट्या फाइल्स एकत्र बांधून साठवणं) चालू करावा लागतो. बदललेली फाइल तो पूर्ण वाचतो पण साठवतो बदललेले तुकडेच. समांतर प्रोसेस, कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन, जुने बॅकअप काढणं, वॉल सांभाळणं हे सगळं तयार मिळतं. पोस्टग्रेसचं आतलं टूल छान आहे, पण जुने बॅकअप कधी काढायचे, वॉल कुठे ठेवायचा, हे सगळं स्क्रिप्ट लिहून तुम्हालाच करावं लागतं, आणि मला स्वतःच्या स्क्रिप्टवर रात्री तीनला विश्वास ठेवावा असं वाटत नाही. एक-दोन टीबीच्या वर असाल आणि टीम लहान असेल तर तयार टूलच घ्या.

मायएसक्यूएलमध्ये एक्स्ट्राबॅकअप (तिथलं बॅकअप टूल) एलएसएन नंबरवरून (पेजवरचा शेवटच्या बदलाचा क्रमांक) बदललेली पेजेस ओळखतो. पण पेज ट्रॅकिंग चालू नसेल तर तो ती शोधायला सगळ्या फाइल्स वाचतो, म्हणजे बॅकअप छोटा, डिस्कवरचा भार तेवढाच. ओरॅकलमध्येही ब्लॉक चेंज ट्रॅकिंग चालू केलं नाही तर तेच होतं. एक्स्ट्राबॅकअपमध्ये लोक जिथे हमखास चुकतात ते म्हणजे प्रिपेअरची, बॅकअपचे तुकडे जोडून वापरायजोगे करायची पायरी. फुल आणि मधले सगळे इन्क्रिमेंटल जोडताना अप्लाय-लॉग-ओन्ली हा पर्याय द्यायचाच, फक्त शेवटच्याला द्यायचा नाही. एकदा विसरलात तर अर्धवट ट्रान्झॅक्शन तिथेच रोलबॅक होतात (मागे घेतले जातात) आणि त्याच्यापुढचे इन्क्रिमेंटल जोडता येत नाहीत. म्हणून प्रिपेअर नेहमी कॉपीवर करा, मूळ बॅकअपला हात लावू नका.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी एकच: डेव्हलपरने मधेच स्वतःसाठी फुल बॅकअप घेतला तर पुढचे डिफरन्शियल त्याच्या फुलवर उभे राहतात, आणि तो त्याच्या लॅपटॉपवरून फाइल डिलीट करून मोकळा होतो. अशा कामाला कॉपी-ओन्ली (पुढचे डिफरन्शियल ज्याच्यावर उभे राहत नाहीत असा) बॅकअप घ्यायला सांगा.

पायरी ५: साखळी किती लांब ठेवायची

साखळी म्हणजे फुल आणि त्याच्यावर उभे असलेले पुढचे तुकडे. आता वेळापत्रक. आपला चार टीबीचा डेटाबेस, समजा मोजून कळलं की रोज १०० जीबी वेगळी पेजेस बदलतात. कॉम्प्रेशन बाजूला ठेवून २८ दिवसांचा हिशोब करू.

दर रविवारी फुल आणि बाकी सहा दिवस इन्क्रिमेंटल: चार फुल म्हणजे १६ टीबी, २४ इन्क्रिमेंटल म्हणजे २.४, एकूण १८.४ टीबी.

महिन्याला एक फुल, पुढच्या तीन रविवारी डिफरन्शियल, बाकी दिवस इन्क्रिमेंटल: फुल ४ टीबी. डिफरन्शियल दर आठवड्याला वाढत जातो पण ७०० जीबीच्या पटीत नाही वाढत, कारण तीच तीच गरम (वारंवार बदलणारी) पेजेस परत बदलत असतात, समजा ३५०, ६०० आणि ८०० जीबी, मिळून १.७५ टीबी. इन्क्रिमेंटल तेच २.४. एकूण ८.१५ टीबी, निम्म्याहून कमी. आणि टूल बदल शोधायला सगळा डेटा वाचणारं नसेल तर महिन्यातल्या चारपैकी तीन रविवारी अख्खे चार टीबी वाचायचा भारही गेला.

महिन्याला फुल आणि बाकी नुसते इन्क्रिमेंटल केले तर अजून कमी जागा लागेल, पण तिथे २७ व्या दिवशीचा बॅकअप मागच्या सगळ्या २७ तुकड्यांवर उभा असतो. मधल्या प्रकारात कुठल्याही दिवशी जास्तीत जास्त आठ तुकडे लागतात, एक फुल, एक डिफरन्शियल, सहा इन्क्रिमेंटल. माझा कल कायम या मधल्या प्रकाराकडे असतो. रोजचा डिफरन्शियल हा सुद्धा चांगला पर्याय आहे जर तुमची गरम पेजेस थोडीच असतील, म्हणजे आठवड्याचा डिफरन्शियल रोजच्याच्या दीड-दोन पटच निघत असेल, मग साखळी फक्त दोन तुकड्यांची राहते आणि झोप चांगली लागते.

साखळी लांब झाल्याचा त्रास टूलप्रमाणे वेगळा असतो. एक्स्ट्राबॅकअपमध्ये एकेक तुकडा क्रमाने जोडावा लागतो, त्यामुळे वेळ वाढतो. पीजीबॅकरेस्ट मॅनिफेस्टवरून प्रत्येक फाइल कुठल्या बॅकअपमध्ये आहे ते बघून सरळ तिथून उचलतो, वेळ फारसा वाढत नाही, पण एक जुना तुकडा खराब निघाला की त्यावर अवलंबून असलेले सगळे दिवस गेले हा धोका तसाच राहतो.

आणि किमान दोन फुल कायम ठेवा. नवा फुल पूर्ण होऊन तपासून झाल्याशिवाय जुना काढायचा नाही. जुने काढायचं काम फक्त बॅकअप टूलच करेल, बकेटचा लाइफसायकल नियम, क्रॉनमधला (वेळ लावून चालणारा) फाइंड-डिलीट, असलं काहीही त्या फोल्डरला लागता कामा नये. माझे चार दिवस नेमके यात गेले होते.

पायरी ६: वॉल हाच खरा धागा आहे

बॅकअप रात्री दोनचा आणि चुकीचा डिलीट दुपारी साडेचारचा, तर मधले साडेचौदा तास वॉलमधूनच येणार. वॉलची एक १६ एमबीची फाइल जरी मधली गायब असेल तर रिस्टोर तिथेच थांबतो, पुढच्या हजार फाइल्स असून नसून सारख्याच.

आर्काइव्ह कमांडने (वॉल फाइल बाहेर कॉपी करणारी कमांड) शून्य, म्हणजे यशाचा संकेत, तेव्हाच परत द्यायचा जेव्हा फाइल खरंच दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर पोचली. आर्काइव्ह होत नसेल तर पोस्टग्रेस वॉल साठवत राहतो आणि डिस्क भरून डेटाबेस बंद पडू शकतो, म्हणून पीजी-स्टॅट-आर्काइव्हर हा व्ह्यू मॉनिटरिंगवर असलाच पाहिजे. पीजीबॅकरेस्टमध्ये डिस्क भरू नये म्हणून रांगेची कमाल मर्यादा लावता येते, पण ती ओलांडली की तो पोस्टग्रेसला "मिळालं" सांगतो आणि वॉल टाकून देतो. डेटाबेस चालू राहतो पण साखळीत भगदाड पडतं. ती मर्यादा लावली असेल तर तसं झाल्यावर लगेच नवा बॅकअप सुरू होईल आणि कोणालातरी फोन जाईल अशी सोय करा. गर्दी नसलेल्या डेटाबेसमध्ये १६ एमबी भरायला तास लागू शकतो, तिथे आर्काइव्ह-टाइमआउट (फाइल भरली नसली तरी पाठवून द्यायची मुदत) एक मिनिटाचा ठेवा, नाहीतर पायरी १ मध्ये कबूल केलेली मिनिटं खोटी ठरतात.

मायएसक्यूएलमध्ये हेच काम बिनलॉग करतो. तो ८.० मध्ये डीफॉल्टने ३० दिवस राहतो खरा, पण त्याच सर्व्हरवर, म्हणजे डिस्क गेली की तोही गेला. तो सतत बाहेर खेचत राहा.

पायरी ७: कॉपी कुठे, किल्ली कुठे

तीन कॉपी, दोन प्रकारच्या स्टोरेजवर, एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम चांगलाच आहे. मुंबईतल्या सर्व्हरची दुसरी कॉपी मुंबईतच ठेवणाऱ्यांनी २६ जुलै २००५ आठवावा, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता. क्लाउडवर असाल तर ॲमेझॉनचे भारतात मुंबई आणि हैदराबाद असे दोन रीजन आहेत, एकाची कॉपी दुसरीकडे टाका. कंपनीचे हिशोब त्या डेटाबेसमध्ये असतील तर कायद्याचाही भाग आहे, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशोबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. तिथे "आठवड्यातून एकदा" चालत नाही.

रॅन्समवेअरसाठी (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला) एक कॉपी अशी हवी जी डेटाबेस सर्व्हरवरच्या पासवर्डने डिलीट होऊच शकत नाही, ऑब्जेक्ट लॉक लावलेली किंवा पूर्ण वेगळ्या अकाउंटमधली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला तेव्हा पाच सर्व्हर आणि साधारण १.३ टीबी डेटा एन्क्रिप्ट झाला होता, ओपीडी कागदावर चालवावी लागली, आणि ई-हॉस्पिटल या तिथल्या सिस्टीमचा डेटा परत आला तो हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. तो सर्व्हर वाचला नसता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

एन्क्रिप्शनची किल्ली बऱ्याचदा त्याच सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइलमध्येच असते आणि सर्व्हर जातो तेव्हा तीही जाते, मग बॅकअप असून वाचता येत नाही. पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि एका बंद पाकिटात, दोन्हीकडे ठेवा. आणि डेबियन किंवा उबंटूवर पोस्टग्रेसच्या कॉन्फिग फाइल्स डेटा डिरेक्टरीच्या बाहेर असतात, बेसबॅकअपमध्ये त्या येत नाहीत, त्या वेगळ्या घ्या.

डिस्क स्नॅपशॉटबद्दल (डिस्कची त्या क्षणाची प्रत) नेहमी विचारतात. ईबीएसचे (ॲमेझॉन क्लाउडची डिस्क) स्नॅपशॉट इन्क्रिमेंटलच असतात आणि घ्यायला छान, पण त्यातून बनवलेली डिस्क सुरुवातीला प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागून आणते, त्यामुळे "पाच मिनिटांत रिस्टोर" झालेला डेटाबेस पुढचे कित्येक तास रडतखडत चालतो. जोडीला ठेवा, एकट्यावर विसंबू नका.

पायरी ८: यशाचा मेसेज आला नाही तर ओरडा

फेल झालं की मेल पाठवा, अशी सोय बहुतेकांकडे असते, पण ती पुरत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून प्रायमरी (मुख्य) डेटाबेसचा सुमारे ३०० जीबी डेटा उडाला, आणि मग बॅकअप शोधायला गेले तर पीजी-डंप बरेच दिवस फेल होत होता, कारण पोस्टग्रेस ९.६ च्या डेटाबेसवर ९.२ चं टूल चालत होतं. फेल झाल्याचे मेल जात होते, पण ते समोर स्वीकारलेच जात नव्हते. शेवटी योगायोगाने सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट कामाला आला. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून ठेवलं याबद्दल मला त्यांच्याविषयी खूप आदर आहे, त्यातून आमच्यासारख्या कितीतरी लोकांनी आपापली सिस्टीम तपासली.

म्हणून अलार्म उलटा लावा. शेवटचा यशस्वी बॅकअप २६ तासांपेक्षा जुना झाला, शेवटची वॉल फाइल १० मिनिटांपेक्षा जुनी झाली, बॅकअपचा आकार नेहमीपेक्षा निम्मा किंवा तिप्पट निघाला, या तिन्हीवर फोन वाजला पाहिजे, आणि हे तपासणारं मशीन बॅकअप घेणाऱ्या मशीनपेक्षा वेगळं हवं.

पायरी ९: दर महिन्याला खरा रिस्टोर

वेगळं मशीन घ्या आणि तिथे पूर्ण साखळीतून रिस्टोर करा, ताज्या फुलवरून नको, महिन्याच्या शेवटी शेवटी जेव्हा साखळी सर्वात लांब असते तेव्हा. सुरू करण्याआधी एक गोष्ट नक्की करा, त्या मशीनवर आर्काइव्हिंग बंद ठेवा. पीजीबॅकरेस्टच्या रिस्टोरला आर्काइव्ह-मोड ऑफ हा पर्याय देता येतो. नाही दिला तर टेस्टचा डेटाबेस स्वतःचा वॉल प्रॉडच्या (खऱ्या चालू डेटाबेसच्या) बॅकअप रिपॉझिटरीत ढकलायला लागतो आणि तपासायला गेलेली साखळी तुम्हीच बिघडवता.

एका ठरावीक वेळेपर्यंतचा रिस्टोर करा, म्हणजे वॉलचीही परीक्षा होते. वेळ लिहिताना टाइमझोन लिहा. सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, लोक फोनवर "साडेचारला झालं" सांगतात ते भारतीय वेळेत, आणि +०५:३० लिहायचं राहिलं की तुम्ही चुकीच्या डिलीटच्या साडेपाच तास पुढे जाऊन थांबायला बघता, म्हणजे जे वाचवायचं तेच गेलेलं असतं. पोहोचल्यावर डीफॉल्टने रिकव्हरी पॉज होते, तेव्हा क्वेरी मारून डेटा बघा आणि मगच पुढे जा.

डेटाबेस उठला म्हणजे झालं असं नाही. पीजी-ॲमचेक (टेबल आणि इंडेक्स खराब झालेत का बघणारं टूल) चालवा, अख्ख्या डेटाबेसचा पीजी-डंप घेऊन तो कुठेही न साठवता सोडून द्या, त्या निमित्ताने प्रत्येक टेबलची प्रत्येक रो वाचली जाते. डेटा चेकसम (पेज बिघडलं का ओळखणारे आकडे) चालू नसतील तर चालू करायचं नियोजन करा, पोस्टग्रेस १८ मध्ये नवीन क्लस्टरला ते आपोआप चालू असतात. चार-पाच महत्त्वाच्या टेबलांची शेवटच्या एंट्रीची वेळ बघा.

आणि हे सगळं एका पानावर टिपा: सुरू किती वाजता, फाइल्स कॉपी किती वाजता संपल्या, वॉल किती वेळ चालला, कुठे अडलो, कुठली कमांड शोधावी लागली. पुढच्या महिन्याला हे काम टीममधल्या सर्वात नव्या माणसाला द्या आणि तुम्ही शेजारी गप्प बसा, तो जिथे अडेल तिथे पानावर ओळ वाढवा.

वॉल चालायला ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागायला लागला तर इन्क्रिमेंटल दिवसातून दोनदा करा. कॉपीला जास्त लागायला लागला तर लाइन किंवा डिस्क बघा. डिफरन्शियल फुलच्या निम्म्यापर्यंत आला तर फुल लवकर घ्या. पीजी-अपग्रेडने मोठी आवृत्ती बदलली तर जुनी साखळी तिथे संपली, त्याच रात्री नवा फुल. आमच्याकडे या चारही गोष्टी त्या टिपणाच्या पानावरच सर्वात वर लिहिल्यात, आणि ते पान प्रिंट काढून सर्व्हर रूमच्या दाराला आतून लावलंय, कारण ज्या दिवशी ते लागेल त्या दिवशी विकी उघडेलच असं नाही.